ट्रॉलीचा व्हील लॉक आणि होडीतला जीपीएस : पावसाळा-उन्हाळा काढल्यावरचा अनुभव

परवा व्हील लॉक ग्राइंडरने कापावा लागला. चोराने नाही, आम्हीच कापला. कापणीची टोळी सकाळीच बागेत उतरलेली, व्यापाऱ्याचा ट्रक रोडवर लागलेला, केळीला भाव बऱ्यापैकी, आणि ट्रॉलीच्या चाकाला लावलेल्या लॉकमध्ये चावी अर्धी जाते आणि पुढे हलतच नाही. डब्ल्यूडी (गंज सोडवायचा स्प्रे) मारलं, फुंकलं, हातोडीने ठोकलं, शेवटी गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याला बोलावलं. तो बॅटरीवरचा ग्राइंडर घेऊन आला आणि दोन मिनिटांत दांडा कापून माझ्या हातात दिला. कापायचे शंभर घेतले. तेवढ्यात ट्रकवाला दोनदा हॉर्न मारून गेला.

तर हे लिहितोय ते रागात लिहितोय, पण सगळंच वाईट नाहीये. वाचत जा, मधे माझं मत बदललेलं दिसेल.

आमचं गाव रावेर तालुक्यात, हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला लागून. घरचा ट्रॅक्टर आणि ट्रॉली आहे. चुलतभाऊ मच्छीमार संस्थेचा सभासद, त्याची फायबरची होडी, तिला मागे लावायची आऊटबोर्ड मोटर, आणि होडी घाटावरून घरी आणायला दोन चाकांचा छोटा गाडा आम्हीच वेल्डिंग करून बनवून घेतलेला. गेल्या वर्षी शेजारच्या गावातून शेतात उभी असलेली एक ट्रॉली रात्रीतून गेली. ट्रॉली चोरायला काही अक्कल लागत नाही, स्वतःचा ट्रॅक्टर आणायचा, कडीत पिन टाकायची आणि चालू पडायचं. रात्री रोडला ट्रॅक्टर-ट्रॉली दिसली तर कोण अडवतंय, केळीची गाडी असेल म्हणतात लोक. आणि इथून बुऱ्हाणपूर काही लांब नाही, एकदा बॉर्डर ओलांडली की दुसरं राज्य, दुसरी पोलीस.

ती बातमी ऐकली आणि आम्ही दोघांनी ऑनलाइन खरेदी काढली. नाना (माझे वडील) म्हणाले, "कायले एवढे पैसे घालतो लोखंडाले, पिन काढून घरी आणत जा." पिन काढून काय होतं नाना, चोर पिन घरून आणतो.

पहिली वस्तू आली हिच लॉक. लिहिलेलं होतं युनिव्हर्सल, सगळ्या ट्रेलरला बसेल. उघडून बघतो तर आत 50 मिलीमीटरच्या गोळ्याची खाच. बाहेरच्या देशात कारच्या मागे होडीचे ट्रेलर लावतात ना, त्याला पुढे वाटीसारखा कपलर असतो आणि तो कारच्या बॉल हुकवर बसतो, त्या वाटीत हा लॉक घालायचा म्हणजे दुसऱ्याच्या गाडीला ट्रेलर जोडताच येत नाही. आयडिया चांगली. पण आपल्या ट्रॉलीच्या दांडीला पुढे कडी असते आणि मधून उभी पिन. वाटी नाही, गोळा नाही, लॉक बसणार कुठे, नानांच्या डोक्यावर? परत पाठवला, पैसे आले, पण परतीचं कुरिअर घ्यायला पोरगा गावापर्यंत यायला तयार नव्हता, तालुक्याला नेऊन द्यावा लागला. ट्रॅक्टर ट्रॉलीसाठी कोणी हिच लॉक घेत असाल तर नका घेऊ, एवढंच.

दुसरी वस्तू हा व्हील लॉक, म्हणजे जॅमर. किंमत सव्वीसशे. चाकाला दोन्ही बाजूंनी मिठी मारतो आणि पुढे एक ताटलीसारखा गोल पत्रा नटबोल्टवर येतो, त्यामुळे चाक काढूनही नेता येत नाही. सुरुवातीचे महिने मी याचं लई कौतुक केलं. पिवळा रंग लांबून दिसतो, आणि खरं सांगू का, लॉकचं निम्मं काम दिसण्याचंच असतं. ज्याला न्यायचीच आहे तो कापून नेईल, पण बाजूला बिनलॉकची ट्रॉली उभी असेल तर तो तिकडे जाईल. शेजाऱ्यावर अन्याय आहे हा, पण आहे तर आहे.

आता लॉक जाम का झाला त्याकडे येतो. लॉकच्या चावीच्या भोकावर एक छोटीशी रबरी टोपी असते. काळी, शर्टाच्या बटणाएवढी. कामाची चीज हीच आहे आणि कंपनीने सगळ्यात कमी डोकं इथे लावलंय. टोपी लॉकला कशानेही बांधलेली नाही, नुसती दाबून बसवलेली. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या वर जातो, त्या उन्हात रबर आक्रसून कडक झालं आणि एक दिवस टोपी गायब. कुठे पडली काय माहीत, अख्खं खळं झाडून बघितलं. मग भोक उघडं. त्यात काय गेलं असेल विचार करा, रस्त्याची धूळ, बॅकवॉटरचा गाळ सुकून उडतो तो, आणि सगळ्यावर केळीचा चीक. ज्यांच्या घरी केळी आहे त्यांना सांगायला नको, चीक कपड्याला लागला तर जन्माचा डाग. घड भरताना ट्रॉलीतून थेंब थेंब गळतो आणि बरोब्बर चाकावरच पडतो. चीक अधिक धूळ अधिक ऊन, झालं आत सिमेंट.

त्यात ग्रीस घाला, तेल घाला म्हणणारे शंभर जण भेटले. नका घालू. तेल धूळ धरतं, आणखी चिकट होतं. कुलुपात ग्रॅफाइटची पावडर घालायची असते, कोरडी. ती नसेल तर पेन्सिलीचं शिसं खरवडून चावीला चोळायचं. हे मला भुसावळच्या एका चावीवाल्याने सांगितलं आणि त्याने घरच्या दुसऱ्या एका जाम झालेल्या कुलुपावर करूनही दाखवलं. कंपनीच्या कागदावर एक अक्षर नाही याबद्दल.

कस्टमर केअरला टोपी हरवल्याच्या आठवड्यातच फोन लावला होता, तेव्हा लॉक चालू होतं. म्हणलं, टोपी पाठवा, पैसे देतो. तिकडून हिंदीत उत्तर, सर टोपी अलग से नहीं आती. मग काय येतं? पूरा सिलेंडर सेट आता है, नौ सौ पचास. म्हणजे चावी जाते तो लॉकचा आतला अख्खा भाग. अहो, दहा-पंधरा रुपयांच्या रबरासाठी साडेनऊशे? म्हणे वॉरंटीत टोपी येत नाही, ती झिजणारी वस्तू आहे. मी म्हणलं झिजली नाही, पडली. तर म्हणे फोटो पाठवा. आता जी वस्तू नाही तिचा फोटो कसा काढायचा? भोकाचा काढून पाठवला. ईमेल गेले, तिकीट नंबर आले, प्रत्येक वेळी नवीन माणूस आणि पुन्हा पहिल्यापासून तीच रामकहाणी.

शेवटी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार टाकली. फुकट आहे, मराठीत बोलता येतं, बिलाचा फोटो जवळ ठेवा. त्यानंतर कंपनीचा सूरच बदलला, एकदम "आदरणीय ग्राहक". पाकीट आलं, आत दोन टोप्या. दोन्ही छोट्या मापाच्या, मोटारसायकलच्या लॉकच्या. कुरिअर त्यांना टोपीपेक्षा महाग पडलं असणार. पुन्हा लिहिलं, उत्तर यायचं होतं तेवढ्यात परवाचा प्रकार झाला.

आता बरी बाजू. जीपीएस ट्रॅकर, म्हणजे वस्तू कुठे आहे ते मोबाईलवर दाखवणारी डबी.

याला मी पहिल्या दोन-तीन महिन्यांत एक स्टार दिला असता. डबीला मागे मॅग्नेट, जाहिरातीत दाखवतात कुठेही चिकटवा. ट्रॉलीच्या हौद्याखाली चिकटवला तर लोकेशन दाखवायचं गावाच्या स्मशानात, कधी नदीच्या मधोमध, कधी काहीच नाही. कारण साधं आहे, सॅटेलाइटचा सिग्नल वरून येतो आणि वर जाड लोखंडी पत्रा. होडीला लावायला गेलो तर फायबरला मॅग्नेट चिकटेचना. चुलतभाऊ म्हणे, "भाऊ, हा तुले फसवून गेला." मग त्यानेच डोकं लावलं, होडीच्या बसायच्या फळीखाली प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधला. फायबर आणि लाकूड सिग्नल फारसा अडवत नाही. तिथून सुरळीत.

मग वेगळाच वैताग. होडी पाण्यावर हलणारच, आणि व्हायब्रेशन अलार्म रात्रभर वाजणार. वारा सुटला, टिंग. बगळा बसला, टिंग. व्हायब्रेशन बंद केलं आणि जिओफेन्स लावला, म्हणजे ठरवलेल्या गोलाच्या बाहेर गेली तरच अलार्म. गोल आधी लहान ठेवला तर उभी होडी पण बाहेर गेल्याचे मेसेज, कारण जीपीएसचा ठिपका जागेवर बसत नाही, थोडा इकडेतिकडे सरकतो. शंभर मीटरचा केला तेव्हा शांत झोप लागली.

आणि एका रात्री तो वाजला. पावसाळा जोरात, वर मध्य प्रदेशात पाऊस, तापी आणि पूर्णा दोन्हीला पाणी, हतनूरचे 41 पैकी बरेच दरवाजे उघडलेले. दरवाजे उघडले की बॅकवॉटरला पण ओढ लागते, एरवी तळ्यासारखं असतं ते पाणी सरकायला लागतं. मोबाईलवर होडी हळूहळू घाटापासून लांब चाललेली. आम्हाला वाटलं नेली कोणीतरी. बॅटऱ्या, काठ्या घेऊन चौघं पळालो. चोर नव्हताच, बाभळीच्या खोडाला बांधलेला दोर घासून तुटला होता. त्या पाण्यात रात्री कोणी उतरलं नाही, उतरूही नये. काठाकाठाने मोबाईलवरच्या ठिपक्यावर नजर ठेवून चालत राहिलो, ठिपका खाली जलपर्णीच्या पट्ट्यात जाऊन थांबला. सकाळी उजाडल्यावर संस्थेच्या दुसऱ्या होडीने जाऊन ओढून आणली. मोटर धड, जाळं धड. ट्रॅकर नसता तर होडी कुठे अडकलीय ते कळलंच नसतं आणि आम्ही पोलिसात चोरीची तक्रार देऊन बसलो असतो. त्या एका रात्रीत ट्रॅकरचे साडेतीन हजार वसूल. एक स्टारचे चार केले.

पाचवा का नाही, तर सिमचा वार्षिक प्लॅन बाराशेचा आणि तो त्यांच्याकडूनच घ्यावा लागतो. आत तेरा आकडी नंबरचं मशीनवालं सिम असतं, आपलं घरचं टाकून भागत नाही. आणि चार्जिंग रात्री घरातच करा. लिथियम बॅटरी 45 डिग्रीच्या वर चार्ज करायची नसते आणि आमच्याकडे मे महिन्यात दुपारी ओटासुद्धा त्याच्यावर तापलेला असतो.

मोटरचा लॉक सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बिनबोभाट. आऊटबोर्ड मोटर होडीच्या मागच्या फळीला दोन पिळायच्या दांड्यांनी आवळलेली असते, त्या दोन्ही दांड्या जवळ आणून वर खाच असलेली नळी सरकवायची आणि कुलूप. दांड्या फिरत नाहीत, मोटर निघत नाही. याच्या भोकाला टोपी नाही, सरकतं झाकण आहे, स्टीलचं. बघा, ज्यांना कळतं त्यांना कळतं. चुलतभाऊ तरी रोज मोटर खांद्यावर घरी आणतो, वल्ही पण. आजोबांच्या वेळी लॉक कुठे होते, वल्ही घरी नेली की होडी बिनकामाची, एवढाच बंदोबस्त होता.

साखळीचं दोन ओळीत. दुकानात घेताना कानस घेऊन जा आणि एका कडीवर घासा. कानस धरली, चुरा पडला, तर साधं लोखंड. घसरली तर कडक केलेलं पोलाद. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. आणि लावताना साखळी जमिनीवर लोळू देऊ नका, साखळी कापायच्या कटरचा एक दांडा जमिनीला टेकवून वरून अंगाचा सगळा भार देता येतो.

ज्यांची ट्रॉली गेली त्यांचं काय झालं तेही सांगतो, कारण त्याचा लॉकशी संबंध नाही पण पैशाशी आहे. पोलीस स्टेशनात पहिला प्रश्न नंबर काय. नंबर नव्हता, आरटीओला नोंदच नाही. बिल? गावात बनवलेली, बिल कुठलं. फोटो? लग्नाच्या वरातीतला एक सापडला, त्यात ट्रॉलीपेक्षा बँडवालेच जास्त. भारतीय न्याय संहितेत मालवाहू साधनाच्या चोरीला कलम 305 आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा, पण आधी ट्रॉली तुमचीच हे दाखवायला तर पाहिजे. इन्शुरन्स पण ट्रॅक्टरचा होता, पॉलिसीत ट्रॉली वेगळी लिहून घ्यावी लागते, ती लिहिलेली नव्हती. आम्ही त्यानंतर दांडीवर नंबर पंच करून घेतला, हौद्याच्या आतून एका जागी वेल्डिंगने खूण केली (कुठे ते सांगणार नाही), आणि मोटरच्या सिरीयल नंबरचा फोटो मोबाईलमध्ये आणि नानांच्या पेटीत पण. या सगळ्याला पंचिंगवाल्याचा चहा धरून दोनशे रुपये गेले. सव्वीसशेच्या लॉकआधी हे करायचं असतं.

सध्याची व्यवस्था अशी. ट्रॉली मागची बाजू भिंतीला लावून उभी करतो, चाकातून आणि चेसीतून साखळी, वर अलीगढचं जाड कुलूप, आणि कुलुपावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा तारेने बांधलेला, वरून पडदा खाली. त्याला पाचदहा रुपये पण लागले नाहीत, धूळ जात नाही, चीक जात नाही. कापलेल्या व्हील लॉकबद्दल कंपनीचा काल मेल आला, नवीन लॉक निम्म्या किमतीत देतो म्हणे. मी उत्तरात एकच विचारलं, टोपी बांधलेली आहे का सुटी. अजून उत्तर नाही. सुटी असेल तर फुकट दिलं तरी नको, आणि बांधलेली असेल तर तेराशेला विचार करीन, बाराशेला नक्की घेईन.