डॉट मोबी घेऊन चौदा महिने झाले, दुकानदाराचा अनुभव

दुकानाच्या वेबसाईटच्या पत्त्याचं, म्हणजे डोमेनचं, रिन्यूअल बिल भरून दोन महिने झाले तरी राग उतरला नाही म्हणून लिहायला बसलोय. सांगलीत माझं मोबाईल रिपेरिंगचं दुकान आहे. गेल्या वर्षीच्या पाडव्याला भाचा म्हणाला, मामा, दुकानाच्या नावाचं डॉट कॉम कोणीतरी अडवून ठेवलंय, डॉट मोबी मात्र मोकळं आहे आणि ऑफरमध्ये आहे. मोबाईलचं दुकान, डॉट मोबी, मला पण जमलेलं वाटलं. ३९९, जीएसटी धरून ४७१ रुपये. घेतलं.

यंदा बिल आलं ३,७१७ चं! चॅटवर विचारलं तर "सर, पहिल्या वर्षाचा प्रमोशनल रेट होता." डोमेन दुसऱ्या कंपनीकडे न्यायचं म्हणून ट्रान्सफर कोड मागितला तर तो द्यायला चार दिवस लावले आणि नव्या ठिकाणचा रेट बघितला तर फरक दीडशे-दोनशेचा. मुदत संपायला आठवडा राहिलेला, भरले गप. कंपनीचं नाव घेत नाही, घेऊन पैसे परत येणार नाहीत.

पण पैशापेक्षा जास्त छळलं ते पत्ता सांगण्याने. सगळे रिव्ह्यूवाले स्पीड, एसईओ (सर्चमध्ये वर येणं) वगैरे लिहितात, हे कोणी लिहीत नाही. फोनवर पत्ता सांगून बघा एकदा. परवाच्या एका काकांचा नमुना देतो, फोन पाण्यात पडलेला, घरातल्या दुसऱ्या फोनवरून बोलत होते.

"डॉट मोबी काका. एम, ओ, बी, आय."
"मोबाईल?"
"नाही, मोबी. एवढंच."
"बरं, मोबी. मग पुढं डॉट कॉम ना?"
"पुढं काही नाही."
"असं कसं, कॉम पाहिजेच की."

पाच मिनिटं गेली आणि शेवटी काकांनी डॉट कॉम टाकलंच, मग "तुमची साईट बंद आहे" म्हणून मलाच ऐकवलं. एक शिकलेलं गिऱ्हाईक म्हणालं, मोबी म्हणजे किंडलवर टाकायची पुस्तकाची फाईल ना? तेही खरंच, त्या फाईलचं पण हेच नाव. आणि पार्ट मागवायच्या एका पोर्टलवर माझा डॉट मोबीवाला ईमेल टाकला की लाल अक्षरात "चुकीचा ईमेल". तिथं अजून जीमेलच वापरतो.

एवढं होईपर्यंत भाच्याला शिव्या घालून झाल्या, मग एका रात्री शटर ओढून नेटवर शोधत बसलो की हे काढलं कोणी. २००६ ला चालू झालं, मागे नोकिया, मायक्रोसॉफ्ट, व्होडाफोन, गुगल सगळी मोठी मंडळी. तेव्हा बटणांचे फोन आणि महागडं नेट, म्हणून नियमच होता की डॉट मोबीवरची साईट छोट्या स्क्रीनवर नीट उघडली पाहिजे, फ्रेम (पानाच्या आत दुसरं पान) नकोत, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू न लावता पण चालली पाहिजे. त्या वर्षी फ्लॉवर्स डॉट मोबी म्हणे दोन लाख डॉलरला गेलं! वेब ज्याने काढलं तो टिम बर्नर्स-ली २००४ लाच ओरडत होता की यंत्र बघून वेगळा पत्ता देऊ नका, वेब एकच पाहिजे. डॉट मोबी चालू झाल्यावर पुढच्याच वर्षी, २००७ ला आयफोन आला, मग एकच साईट स्क्रीनप्रमाणे आकार बदलायला लागली आणि वेगळ्या पत्त्याची गरजच संपली. म्हणजे मी वीस वर्षं जुना माल नवीन म्हणून घेतला. मोबाईलवर सर्च केलं की डॉट मोबी वर येतं असं भाचा म्हणायचा, तसलं काही नसतं.

आणखी एक वाचलं आणि झोप उडाली. कुठला डॉट मोबी पत्ता कोणाच्या मालकीचा हे सांगणाऱ्या जुन्या सर्व्हरचं डोमेन २०२३ च्या शेवटी रिन्यूच केलं नाही, आणि २०२४ मध्ये वॉचटॉवर नावाच्या सिक्युरिटीवाल्यांनी ते २० डॉलरला विकत घेतलं. १,३५,००० वर सिस्टीम अजून तिथंच विचारायला येत होत्या, त्यात साईटला कुलूपवालं सर्टिफिकेट देणारे पण. त्यांनी चांगल्या मनाने जाहीर केलं म्हणून ठीक, चोराने घेतलं असतं तर? माझ्याकडून ३,७१७ घेतात आणि यांना २० डॉलरचं डोमेन सांभाळता आलं नाही!

आता खरं सांगायचं तर अर्ध्यात मत थोडं बदललं. दिवाळीत काऊंटरवर आणि टफन ग्लासच्या पाकिटावर क्यूआर चिकटवला, तेव्हापासून दुकानात आलेला कोणी पत्ता टाईपच करत नाही. स्कॅन करतात, डिस्प्लेचे रेट बघतात, व्हॉट्सॲप करतात. साईट चौदा महिन्यांत एकदाही बंद पडली नाही, तेवढं कबूल. पण क्यूआरच लावायचा तर डॉट इन काय वाईट होतं? ते मागच्या महिन्यात घेतलं, आधी रिन्यूअलचा रेट बघून, आणि त्याच साईटला जोडलं. फोनवर तेच सांगतो, सांगलीचा माणूस एका दमात लिहून घेतो.

मग डॉट मोबी सोडून का देत नाही? बिलबुकं. शंभर बुकांना रेट कमी बसतो म्हणून एकदम शंभर छापली, प्रत्येक पावतीवर खाली डॉट मोबी. दिवसाला पाच-सहा पावत्या फाटतात. काल पोटमाळ्यावर चढून मोजली, ५८ शिल्लक आहेत, म्हणजे पुढच्या पाडव्याला परत ३,७१७.