भाववाढ हवामानाची असेल, तर दर वाढवावा की थांबावे?

अतिवृष्टीने नाशिक-जुन्नरकडचा टोमॅटो खराब झाला की वाशीच्या बाजार समितीत आवक घटते आणि ठाण्यापर्यंत भाव चढतात. अशा वेळी रिझर्व्ह बँकेपुढे दोन मार्ग असतात: रेपो दर (बँकांना ती ज्या व्याजदराने कर्ज देते तो दर) वाढवणे, किंवा भाववाढीचा धक्का ओसरेपर्यंत तो स्थिर ठेवणे.

दरवाढीने मागणी आवरते, पीक मात्र वाढत नाही. उलट घणसोलीतल्या कर्जदार कुटुंबाचा हप्ता वाढतो. थांबण्याच्या बाजूने 2023 चा दाखला भक्कम आहे. जुलैमध्ये किरकोळ महागाई 7.44 टक्क्यांवर गेली, रेपो दर 6.5 टक्क्यांवरच राहिला आणि ऑक्टोबरमध्ये महागाई 4.87 टक्क्यांपर्यंत उतरली.

तरीही थांबण्यातली जोखीम मला अधिक गंभीर वाटते, कारण धक्का तात्पुरता आहे की नाही हे त्या क्षणी खात्रीने कळत नाही. किरकोळ महागाई मोजणाऱ्या, 2012 च्या पायावरील निर्देशांकात अन्न व पेयांचा भार सुमारे 46 टक्के होता. असे धक्के वरचेवर येऊ लागले, तर लोकांच्या महागाईबद्दलच्या अपेक्षा रिझर्व्ह बँकेच्या 4 टक्के महागाईच्या उद्दिष्टापासून सुटतात, मजुरी आणि घरभाडी त्यांच्यामागे चढतात आणि उशिरा केलेली दरवाढ मोठी करावी लागते. म्हणून एखाद्या धक्क्यात थांबावे. अपेक्षा हलू लागल्यावर मात्र विलंब करू नये.