तीन आठवडे सोबत भटकलेल्या दोस्ताने वाइल्डरनेसमध्ये मला कसं लुटलं

ओल्ड स्कूल रुनस्केप हा ऑनलाइन खेळ खेळणाऱ्यांनी, त्यातही जे नुकतेच वाइल्डरनेसच्या (नकाशाच्या उत्तरेचा भाग, जिथे खेळाडू एकमेकांना मारू शकतात) खंदकापर्यंत पोचले आहेत त्यांनी, हे नक्की वाचा. माझी आठ महिन्यांची कमाई अर्ध्या मिनिटात गेली. ती ज्याने नेली, तो तीन आठवडे रोज रात्री माझ्याबरोबर हिंडत होता.

मी लढायला म्हणून हा खेळ खेळत नव्हते. मला वेड नकाशाचं. लम्ब्रिजच्या किल्ल्यातून बाहेर पडले तेव्हापासून एकच ध्यास होता, प्रत्येक भुयार, प्रत्येक बेट स्वतःच्या पायांनी बघायचं. वॅरॉकच्या गटारात उतरून मॉस जायंटपर्यंत गेले. क्रँडॉर बेटावर एल्वार्ग ड्रॅगनने दोनदा जाळून टाकलं, तिसऱ्या वेळी तिला मारलं. त्या रात्री मला झोप आली नव्हती. मासे पकडून, ते ग्रँड एक्स्चेंज या खेळातल्या बाजारात विकून एकेक नाणं साठवलं आणि तीन वस्तू घेतल्या: अॅबिसल व्हिप हा चाबूक, अॅम्युलेट ऑफ फ्युरी हा ताईत आणि बर्सर्कर रिंग ही अंगठी. बाकी अंगावरचं सगळं साधंच होतं.

तो मला एजव्हिलच्या भुयारात भेटला. मी हिल जायंट मारत होते आणि दर वेळी लांबच्या शिडीने ये-जा करत होते. त्याने स्वतःहून पितळी किल्ली कुठे पडलेली असते ते दाखवलं. ती असली की वॅरॉकच्या पश्चिमेच्या झोपडीतून थेट जायंटपाशी उतरता येतं. मग रोज गाठ पडायला लागली. एकदा त्याने न मागता मला नाणी दिली. ट्रेड करताना दुसऱ्या स्क्रीनवरची यादी पुन्हा वाचायची, कारण पहिल्या स्क्रीनवर लोक ऐन वेळी वस्तू बदलतात, हेही त्यानेच शिकवलं. लुबाडणारा माणूसच मला सावध राहायचे धडे देत होता. त्याच्यावर संशय घ्यावा असं एकदाही मनात आलं नाही.

एक दिवस तो म्हणाला, "किंग ब्लॅक ड्रॅगन बघितलास का कधी?"

तीन डोक्यांचा तो ड्रॅगन मी फक्त चित्रात पाहिला होता. त्याच्या गुहेकडे जाणारी शिडी वाइल्डरनेसमध्ये चाळिशीच्या पुढच्या पातळीवर आहे (उत्तरेला जाल तशी ही पातळी वाढते). मी भीती बोलून दाखवली तर तो शांतपणे समजावत बसला: मेलीस तरी सर्वांत महागड्या तीन वस्तू तुझ्याकडेच राहतात, आणि तुझ्याकडे मोलाच्या तीनच तर आहेत, मग जाणार काय? हा हिशोब खोटा नव्हता. मी तो स्वतः तपासून पाहिला. नियम तसाच आहे. त्याने फक्त नियमाचा दुसरा अर्धा भाग सांगितला नाही.

लम्ब्रिजच्या ड्यूककडून ड्रॅगनच्या आगीपासून वाचवणारी ढाल घेतली. खंदक ओलांडताना जी धोक्याची सूचना येते ती मी पूर्वीच बंद करून ठेवली होती, कारण कडेकडेला सारखं फिरणं व्हायचं आणि तिचा कंटाळा आला होता. आम्ही उत्तरेकडे चालत राहिलो. पातळी वीसच्या वर गेली की बहुतेक टेलिपोर्ट, म्हणजे एका झटक्यात दुसरीकडे पळून जायचे उपाय, चालत नाहीत. तिशीच्या वर तर टेलिपोर्ट करणारा ग्लोरीचा ताईतही कामाचा नाही. शिवाय ज्या पातळीवर आपण उभे असतो तेवढ्या फरकाने वरचा किंवा खालचा खेळाडू आपल्यावर हल्ला करू शकतो. म्हणजे चाळिसाव्या पातळीवर आपल्यापेक्षा चाळीस कॉम्बॅट लेव्हलनी (लढायच्या ताकदीचा आकडा) वर असलेला माणूसही येऊ शकतो. मला खोलवर नेण्यामागचं कारण हेच होतं.

शिडी दिसायच्या आधी तो थांबला आणि म्हणाला, "माझी रिकॉइलची अंगठी नीट चालते का बघायचंय. एक फटका मार ना."

रिकॉइलची अंगठी घातलेल्याला मारलं की थोडा मार मारणाऱ्यालाच परत बसतो. आत जायच्या आधी कुणाला ती तपासून बघावीशी वाटणं साहजिकच होतं. मी व्हिपचा एक फटका मारला. तो हसला, थँक्स म्हणाला. माझ्या डोक्यावर एक छोटी पांढरी कवटी आली होती. ती मला दिसली, पण वाइल्डरनेसमध्ये असंच काहीतरी दिसत असेल असं समजून मी सोडून दिलं.

ती कवटी म्हणजेच नियमाचा दुसरा अर्धा भाग. वाइल्डरनेसमध्ये ज्याने आधी हल्ला केला त्याच्या डोक्यावर ती येते, आणि ती असताना मेलात तर त्या तीनपैकी एकही वस्तू वाचत नाही. प्रोटेक्ट आयटम ही प्रार्थना (खेळात चालू-बंद करता येणारी शक्ती) चालू असेल तर फक्त एक राहते.

तो काही वेळ निवांत गप्पा मारत राहिला. मग दोघे जण आले. एकाने बर्फाच्या मंत्राने माझे पाय जागीच गोठवले. मी चॅटवर मित्राला हाका मारत होते, "हेल्प, हेल्प", आणि तो दोन चौकोन पलीकडे हलत नव्हता की बोलत नव्हता. प्रार्थनेचं पान उघडायचंही मला सुचलं नाही. लम्ब्रिजला परत जिवंत झाले तेव्हा अंगावर काही नव्हतं, आणि त्याचं नाव फ्रेंड लिस्टमध्ये ऑफलाइन दिसत होतं.

जुने खेळाडू याला स्कल ट्रिक म्हणतात हे मला नंतर कळलं. कंपनी अशा गेलेल्या वस्तू परत देत नाही, त्यामुळे त्या आशेवर कोणी राहू नका. सेटिंग्जमध्ये इतर खेळाडूंवर हल्ला करण्याचा पर्याय 'हिडन' ठेवता येतो, आणि कवटी लागू न देणारा स्कल प्रिव्हेन्शनचा पर्यायही आहे. खंदकाकडे जाण्याआधी हे दोन्ही करून ठेवा. कोणी म्हणालं "ते सेटिंग जरा काढ ना", तर तिथूनच मागे फिरा. कारण कितीही पटण्यासारखं असो: अंगठी तपासायची, सराव करायचा, व्हिडिओ काढायचा.

आणि प्रकरण तिथे संपलं नाही. चार दिवसांनी त्याचाच मेसेज आला. वाईट वाटलं म्हणाला, वस्तू परत करायच्या आहेत म्हणाला, आणि सोबत एक लिंक. पान हुबेहूब खेळाच्या साइटसारखं होतं. मी इतकी आसुसले होते की पासवर्ड टाकलासुद्धा. पुढच्या चौकटीत त्याने चार अंकी बँक पिन मागितला तेव्हा हात थांबला. हा पिन आपण खेळाच्या आत, बँकेत देतो, वेबसाइटवर नाही. वर पत्ता नीट वाचला तर त्यात एक अक्षर वेगळं होतं. त्याच क्षणी पासवर्ड बदलला, ईमेलचाही बदलला, ऑथेंटिकेटर (लॉगिनच्या वेळी आणखी एक कोड मागणारी सोय) लावला. एकदा फसलेल्या माणसाकडे हे लोक दुसऱ्यांदा येतात, आणि या वेळी गेलेलं परत मिळवून देतो असं सांगत येतात. मला पहिल्या चोरीपेक्षा याचा जास्त राग आहे.

बँकेत उरलेलं सगळं तसंच ठेवून दोन महिन्यांनी मी एकटीच उत्तरेला गेले. हातात एक जुनी तलवार, ड्रॅगनची ढाल आणि थोडे मासे, एवढंच. वाटेत एकाने मारलं, त्याला काहीच मिळालं नाही. दुसऱ्या खेपेला शिडी सापडली. खाली उतरले, तरफ ओढली, आणि ती तीन डोकी माझ्याकडे वळली.