नाल्याचा पूर आवरायचा कसा? मातीची पाळ, सिमेंट बंधारा की खोलीकरण

नाल्याच्या पुराचा विषय निघाला की ग्रामसभेत तीन मागण्या येतात. कोणी वरच्या अंगाला मातीची पाळ घाला म्हणतं, कोणी सिमेंटचा बंधारा मागतं, तर कोणी जेसीबी लावून नाला खोल करा म्हणतं. ठराव घेण्याआधी एक हिशोब मांडा. 100 मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी 1,000 घनमीटर पाणी. पाणलोट, म्हणजे ज्या रानाचं पाणी नाल्यात येतं ते, 200 हेक्टरचं असेल आणि निम्मंच पाणी वाहून आलं, तरी नाल्यात 1 लाख घनमीटर उतरतं.

सिमेंट बंधारा पात्रापुरतंच पाणी धरतो. तो पहिल्या दमदार पावसातच भरतो आणि पुढचा लोंढा त्याच्यावरून जातो. विहिरींना त्याचा मोठा आधार, पुराला मात्र जवळपास काहीच आळा नाही. काठ ठेंगणे असतील तर पाणी बगल फोडून वावरात शिरतं.

खोलीकरण स्वस्त आणि झटपट. पण पाणी वेगानं खालच्या गावावर जातं, आणि काळ्या मातीचे उभे कापलेले काठ लवकरच ढासळतात. उपसलेली माती काठावर ढीग करून ठेवली, तर वावरातलं पाणी नाल्यात उतरत नाही आणि तूर उभ्यानं पिवळी पडते.

लोंढा थोपवून हळूहळू सोडण्याचं काम पाळच करते, पण तिचं पोट रिकामं असेल तरच. इथेच गावात भांडण होतं. पुरासाठी बांधलेल्या पाळीत ऑगस्टमध्येही पाणी कमी दिसलं पाहिजे, आणि दुष्काळ सोसलेल्या माणसाला ते बघवत नाही. तो मोरी, म्हणजे पाळीतून पाणी बाहेर सोडणारी वाट, बुजवतो. त्याचं दुःख खोटं नाही, म्हणून मला मधला मार्ग पटतो: बिनदाराची मोरी पाळीच्या निम्म्या उंचीवर ठेवायची, खालचं पाणी विहिरींसाठी, वरची जागा पुरासाठी.

बांधकामात ढिलाई चालत नाही. नुसती काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून ती गाभ्यात आणि बाहेरून मुरूम. पायाखाली चर खणून तोही चिकणमातीनं भरायचा. माती पातळ थरांनी, पाणी मारून, रोलरनं दाबायची. पाळीवर बाभूळ वाढू द्यायची नाही, उंदीर-घुशींची बिळं मृगाआधी बुजवायची.

सगळ्यात मोठा जीव सांडव्यात, म्हणजे जादा पाणी बाजूनं काढून देणाऱ्या वाटेत आहे. मातीच्या पाळीवरून पाणी गेलं की ती खरडत जाते, फुटते. 2 जुलै 2019 ला कोकणात तिवऱ्याचं मातीचं धरण फुटलं आणि खालच्या वस्तीतली माणसं गेली. पूर्व विदर्भातले मालगुजारांच्या काळातले मालगुजारी तलाव पिढ्यानपिढ्या टिकले, त्यांनाही जादा पाण्याची वाट ठेवलेली असते.

घरं नाल्याच्या पाण्यानंच बुडत असतील तर माझं मत पाळीला, तीही वस्तीपासून दूर आणि रुंद सांडव्यासह. पूर नदीच्या फुगवट्याचा असेल तर तिन्हींपैकी एकही काम उपयोगाचं नाही. 30 जुलै 1991 ला नागपूर जिल्ह्यातल्या मोवाडमध्ये शिरलेलं पाणी वर्धा नदीचं होतं. तिथे घरं उंचावर हलवणं आणि वेळेत इशारा मिळणं, यासाठीच भांडायला हवं.