गिनेस की सेलर्स: आधी कोण बघायचा?

गिनेसला आधी चाल सापडायची, सेलर्सला आधी आवाज. पात्र पाय कसा टाकतं हे एकदा हाती लागलं की बाकीचा माणूस आपसूक मागोमाग येतो, ही ब्रिटिश नट अ‍ॅलेक गिनेसची पद्धत. दुसरा ब्रिटिश नट पीटर सेलर्स, त्याचं उलट. पात्र बोलतं कसं हे कानात बसेपर्यंत त्याला चेहराही सुचायचा नाही. दोघेही बहुरूपी. पण आपल्याकडचा बहुरूपी दारात येतो तेव्हा सोंग किती हुबेहूब वठलंय याची दाद मागतो. सेलर्स तशी दाद मागतो आणि गिनेस मागत नाही. कोणापासून सुरुवात करायची हे ठरवताना मला हाच फरक सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

प्रश्न मला बऱ्याचदा येतो तो असा: जुने ब्रिटिश विनोदी सिनेमे कधी बघितलेले नाहीत, चार-पाच रात्री मोकळ्या आहेत, घरातलं आणखी कोणीतरी सोबत बसणार आहे, तर या दोघांपैकी कोणाला हात घालू? माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. गिनेस. सेलर्स कमी प्रतीचा म्हणून नव्हे. उलट त्याच्या सर्वोत्तम दहा मिनिटांशी बरोबरी करतील अशी दहा मिनिटं गिनेसच्या विनोदी सिनेमांत मला सापडलेली नाहीत. पण सेलर्सचा सिनेमा डोळे मिटून निवडला तर पस्तावण्याची शक्यता बरीच. गिनेसची 1949 ते 1955 या काळातली ईलिंग या लंडनमधल्या स्टुडिओची विनोदी कामं मात्र कुठलीही उचला, संध्याकाळ वाया जात नाही.

तुलनेला सगळ्यात सोपी जागा म्हणजे दोघांचे 'अनेक भूमिका' असलेले सिनेमे. 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स' (1949) मध्ये गिनेस एकाच सरदार घराण्यातले आठ जण करतो. ड्यूक, बँकर, पाद्री, जनरल, अ‍ॅडमिरल, दोन तरुण आणि एक बाई. घराण्याने वाळीत टाकलेल्या मुलीचा मुलगा लुई एकेकाला संपवत वारसाहक्काची शिडी चढत जातो, अशी गोष्ट. लुईचं काम डेनिस प्राइसचं आहे आणि खरं तर सिनेमा त्याच्याच खांद्यावर उभा आहे. गिनेसला आधी चारच भूमिका देऊ केल्या होत्या, आठही मीच करतो हे त्याचं म्हणणं. चर्चमधल्या एका दृश्यात त्यातले सहा जण एकाच चौकटीत दिसतात. कॅमेरामन डग्लस स्लोकोम्बने कॅमेरा जागचा हलू न देता, चौकटीचा एकेक तुकडा झाकत आणि तीच फिल्म पुन्हा पुन्हा मागे गुंडाळत ते घेतलंय. आज हे संगणकावर होतं, त्यामुळे त्याचं कौतुक वाटायला थोडं थांबावं लागतं.

पण मला आवडतो तो त्यातला अ‍ॅडमिरल. चुकीचा हुकूम देऊन स्वतःचंच जहाज त्याने बुडवायला काढलंय. तो डेकवर सलाम ठोकून उभा. पाणी वर येतंय, पठ्ठ्या हलत नाही. शेवटी तरंगते ती फक्त टोपी. या सगळ्यात गिनेसने केलंय काय? काहीच नाही. काही न करण्याची ही हिंमत ज्याला भावते त्याच्यासाठी गिनेस आहे. पाद्र्याची भूमिका तर त्याहून बारीक आहे. इतका कंटाळवाणा म्हातारा इतक्या प्रेमाने केलेला मी दुसरा पाहिला नाही. त्याला मारायला आलेल्या लुईलाही आधी चर्चच्या वास्तुकलेवरचं प्रवचन ऐकून घ्यावं लागतं.

सेलर्सचा जोडीचा सिनेमा 'डॉ. स्ट्रेंजलव्ह' (1964), दिग्दर्शक स्टॅनली कुब्रिक. इथे तीन भूमिका: ब्रिटिश हवाई दलातला अधिकारी मँड्रेक, अमेरिकेचा अध्यक्ष मफली आणि चाकाच्या खुर्चीतला जर्मन शास्त्रज्ञ, ज्याचा उजवा हात मालकाचं न ऐकता नाझी सलामाला वर जातो. विमानातल्या मेजर काँगची चौथी भूमिकाही त्याच्याकडेच होती, ती शेवटी स्लिम पिकन्सकडे गेली. अध्यक्ष रशियाच्या पंतप्रधानाला फोन करतो तो प्रसंग बघा. पलीकडचा आवाज आपल्याला एकदाही ऐकू येत नाही. पलीकडे दारू पिऊन, मागे मोठ्यांदा गाणी लावून बसलेला माणूस आहे हे सगळं फक्त सेलर्सच्या 'हं' आणि 'हो'मधून कळतं. अणुबाँब तुमच्याकडे निघालेत हे तो रुसलेल्या पोराची समजूत काढावी तशा सुरात सांगतो. तुला माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटतंय असं म्हणू नकोस, मलाही तेवढंच वाईट वाटतंय, अशी वादावादी बराच वेळ चालते. यातला पुष्कळसा भाग सेलर्सने सेटवरच उत्स्फूर्तपणे रचला. फक्त आवाजाच्या जोरावर खोलीत दुसरा माणूस उभा करणं, ही त्याची रेडिओवरची कमाई.

रेडिओवर तो शिरला कसा, हा किस्सा त्याच्या सगळ्या अभिनयाचं बीज आहे. 1948 च्या सुमारास बीबीसीकडून उत्तर येईना, तेव्हा या पोराने निर्माता रॉय स्पीअरला फोन लावला. बोलला तो केनेथ हॉर्न आणि रिचर्ड मर्डॉक या त्या काळच्या रेडिओवरच्या बड्या असामींच्या आवाजात, आणि 'पीटर सेलर्स' नावाच्या एका तरुणाची तोंडभरून शिफारस केली. मग खरं काय ते सांगून टाकलं. काम मिळालं. 1951 पासून 'द गून शो' हा त्याचा विनोदी रेडिओ कार्यक्रम सुरू झाला आणि 1960 पर्यंत चालला. त्याचा मुख्य लेखक स्पाइक मिलिगन जन्मला तेव्हाच्या अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, 1918 साली. त्याच्या लहानपणीची काही वर्षं पुण्यात गेली. ब्रिटिश विनोदाची दिशा बदलणाऱ्या माणसाच्या दाखल्यावर नगरचं नाव आहे, हे आपल्याकडे फारसं कोणाला ठाऊक नसतं. पण 'गून शो'पासून सुरुवात करू नका. तो नुसता ऐकायचा कार्यक्रम, ब्रिटिश उच्चारांवर आणि त्या काळच्या संदर्भांवर चालणारा. मला दोनदा मध्येच सोडावा लागला.

आता जरा आपल्या अंगणातला विषय, गिरण्या आणि युनियन. दोघांचाही एकेक सिनेमा कारखान्यावर आहे, आणि ज्याच्या घरात गिरणगावाच्या आठवणी निघतात त्याने हे दोन पाठोपाठ बघावेत. 'द मॅन इन द व्हाइट सूट' (1951) मध्ये गिनेस सिडनी स्ट्रॅटन नावाचा वेडा संशोधक आहे. तो कधीच न फाटणारं, कधीच न मळणारं कापड शोधून काढतो. लगेच गिरणीमालक आणि कामगार पहिल्यांदाच एक होतात, ते त्याला पकडायला. कापड फाटलंच नाही तर नवं विकणार कोणाला आणि विणणार कोण? सिनेमातलं सगळ्यात टोचणारं वाक्य एका म्हातारीच्या तोंडी आहे, जी लोकांचे कपडे धुऊन दोन पैसे कमावते. कपडे मळणारच नसतील तर मी काय करायचं, एवढंच ती विचारते. अंधारात चमकणाऱ्या पांढऱ्या सुटातला गिनेस तिच्याकडे बघतो आणि त्याच्याकडे उत्तर नसतं. पहिल्यांदाच त्याला समोर माणूस दिसतो.

'आय अ‍ॅम ऑल राइट जॅक' (1959) मध्ये सेलर्स फ्रेड काइट हा युनियनचा पुढारी आहे. बारीक कापलेले केस, तोकडी मिशी, अंगाला घट्ट बसलेला सूट, आणि बोलण्यात कायद्याच्या कागदातून उचललेले जडजंबाल शब्द, तेही जरा चुकीच्या जागी. रशियाचा विषय निघाला की याचे डोळे पाणावतात: पिकांनी भरलेली शेतं आणि संध्याकाळी बॅले. भूमिका वाचताना सेलर्सला यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं. ब्रिटिश अकादमीचा सर्वोत्तम अभिनेत्याचा पुरस्कार मात्र याच कामाला मिळाला. सिनेमा मालकांनाही सोडत नाही, पण लोकांच्या लक्षात राहिला काइट, आणि त्यामुळे युनियनवर जरा अन्याय झाला असं मला वाटतं. तरीही बायको घर सोडून गेल्यावर मोजे रफू करत बसलेला काइट बघताना हसू पुरतं फुटत नाही, तिथे सेलर्सची खरी उंची कळते. या जोडीत मी सेलर्सला झुकतं माप देईन. विचार गिनेसच्या सिनेमात जास्त आहे, माणूस सेलर्सच्या.

एका बाबतीत दोघांकडेही सावधपणे बघावं लागतं, आणि ती बाब आपल्या कातडीची आहे. दोघांनीही तोंडाला रंग फासून हिंदी माणसं केली. सेलर्स महायुद्धात हवाई दलाच्या करमणूक पथकाबरोबर इकडे येऊन गेला होता. 'द मिलियनेरेस' (1960) मध्ये तो सोफिया लॉरेनसमोर डॉ. कबीर झाला आणि 'द पार्टी' (1968) मध्ये ह्रुंडी बक्षी. नावच बघा, कुठल्या जिल्ह्यातलं असेल? पण 'द पार्टी' ठेवावा की टाकावा हे मला आजही ठरवता येत नाही. सुरुवातीलाच बक्षीच्या बुटाला चिखल लागलेला असतो. घरातून वाहणाऱ्या पाण्याच्या पाटात तो गुपचूप बूट धुवायला जातो, बूट निसटतो, तरंगत जातो आणि शेवटी खाण्याच्या ताटात जाऊन बसतो. जवळजवळ एकही शब्द नाही. हसून मुरकुंडी वळते, आणि मग तो तोंड उघडतो. हे आवाजाचं सोंग लंडन-न्यू जर्सीतल्या आपल्या पोरांना शाळेत चिडवायला वापरलं गेलं. मुलांबरोबर बघणार असाल तर आधी चार वाक्यं बोलून घ्या. सत्यजित राय यांच्या कधीच न बनलेल्या 'द एलियन'मध्ये मारवाडी व्यापाऱ्याच्या भूमिकेसाठी सेलर्सचं नाव होतं. तो सिनेमा झाला असता तर हा हिशेब कदाचित वेगळा मांडावा लागला असता.

गिनेसही सुटत नाही. 1961 साली तो एका सिनेमात जपानी व्यापारी झालाय. 'ऑलिव्हर ट्विस्ट' (1948) मध्ये त्याने केलेल्या फेगिन या ज्यू खलनायकाच्या लांबलचक नाकावरून ज्यूंनी आक्षेप घेतला आणि सिनेमा अमेरिकेत पोचायला 1951 उजाडलं, तोही कापून. आणि 'अ पॅसेज टू इंडिया' (1984) मध्ये तो आहे प्राध्यापक गोडबोले! कादंबरीकार फॉर्स्टर देवासच्या मराठा संस्थानिकाकडे नोकरीला होता, आडनाव तिथलंच असणार. कादंबरीत गोकुळाष्टमीच्या उत्सवात गोडबोले तुकोबांच्या नावाने गातोसुद्धा. सिनेमातल्या गोडबोल्यांत यातलं काही उरलेलं नाही. गिनेसने एक नृत्य शिकून घेतलं होतं, त्याला दिग्दर्शक डेव्हिड लीनने कात्री लावली. शाळेत माझ्या बाकावर एक गोडबोले होता. या प्राध्यापकांपेक्षा तो पुष्कळ खरा होता.

खासगी आयुष्य थोडक्यात सांगतो, कारण त्यावर उगाच जास्त लिहिलं जातं. गिनेसच्या जन्मदाखल्यावर बापाच्या नावाची जागा रिकामी होती. 1938 मध्ये लग्न, तेच 2000 मध्ये मरेपर्यंत. युद्धात नौदलात. 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'साठी ऑस्कर, 1959 मध्ये 'सर'. सेलर्सचे आईबाप नाटक-तमाशातले, लग्नं चार, 1964 मध्ये लागोपाठ हृदयविकाराचे झटके आणि 1980 मध्ये 54 व्या वर्षी मृत्यू. मेकअप उतरला की आपण कोण, हे आपल्याला ठाऊक नाही असं तो गमतीत सांगायचा. गंमत किती आणि खरं किती, हे त्याच्या 'बीइंग देअर' (1979) मध्ये दिसतं. आयुष्यभर बाग आणि टीव्ही यापलीकडे काही न बघितलेला माळी, ज्याच्या साध्या बोलण्यात वॉशिंग्टनच्या बड्यांना तत्त्वज्ञान सापडतं. इथे सेलर्सने सगळे आवाज टाकून दिलेत. उरलाय एक सपाट, निर्मळ स्वर. गिनेसची पद्धत त्याला शेवटी सापडली असं म्हणायचा मोह होतो. शेवटी नावं पडद्यावर येताना दिग्दर्शक हॅल अ‍ॅशबीने सेलर्सचे हसून फिसकटलेले तुकडे जोडले, आणि त्याने इतक्या मेहनतीने उभी केलेली भूल मोडली म्हणून सेलर्स चिडला होता. मला त्याचं म्हणणं पटतं. नावं सुरू झाली की बंद करा.

तेव्हा क्रम असा. पहिल्या रात्री 'द लॅव्हेंडर हिल मॉब' (1951). जेमतेम 80 मिनिटांचा आहे. वीस वर्षं सोन्याच्या विटांची ने-आण सांभाळणारा मवाळ कारकून ते सोनं वितळवून आयफेल टॉवरचे छोटे पुतळे बनवून परदेशी पाठवायचं ठरवतो. त्यातले सहा चुकून शाळकरी मुलींना विकले जातात, आणि मग खऱ्या आयफेल टॉवरच्या गोल जिन्यावरून दोघं मध्यमवयीन चोर गरगरत, हसत खाली पळतात. घरातली मोठी माणसं यातच अडकतील. मुलं असतील तर दुसऱ्या रात्री 'अ शॉट इन द डार्क' (1964) लावा, सेलर्सचा धांदरट इन्स्पेक्टर क्लूसो दारावर आपटला की भाषा लागत नाही. फक्त मोठे असाल तर 'स्ट्रेंजलव्ह'. तिसरी रात्र 'काइंड हार्ट्स'ची. 'बीइंग देअर' एकट्याने, सगळे झोपल्यावर, घाई नसताना बघा. सत्तरच्या दशकातल्या सेलर्सच्या बाकीच्या पुष्कळ सिनेमांना हात लावू नका, क्लूसोच्याच 'पिंक पँथर' मालिकेचे पुढचे भागही पहिल्या दोनांची भूक भागल्यावरच.

आणि एकच रात्र असेल तर निवडायची गरजच नाही. 'द लेडीकिलर्स' (1955) मध्ये दोघेही आहेत. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनालगत एका म्हातारीच्या घरात पाच दरोडेखोर वादक म्हणून जमतात, ग्रामोफोनवर बोकेरिनी या संगीतकाराची रचना लावून आत कट शिजवतात, आणि त्या म्हातारीच्या भूमिकेतली, 75 ओलांडलेली केटी जॉन्सन दर थोड्या वेळाने दार वाजवून चहा हवा का विचारते. गिनेस त्यांचा म्होरक्या, पुढे आलेले दात, लांबलचक मफलर. सेलर्स टोळीतला जाडसर पोरगा, जेमतेम ओळखू येईल असा. गिनेस त्याचं दैवत होतं. गिनेस बोलत असताना कोपऱ्यातला सेलर्स काय करतो ते बघा: काहीच नाही, नुसता टक लावून बघतोय. आणि म्हातारीचे पोपट बोलायला लागले की नीट कान द्या, तो आवाज सेलर्सचाच आहे.