माझगावची पायी सफर : पाचपैकी साडेतीन

बावीस डोकी होती. गाइडनं दोनदा मोजली तरी एकवीसच भरत होती, कारण स्वतःच्या पाठीमागं उभी असलेली बाई तो धरतच नव्हता. मी चौतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, सोलापूर आगार. निवृत्त झालो, पण चार माणसं एकत्र दिसली की मोजणी आपोआप सुरू होते. गल्लीबोळात फिरायला बावीस फार झाले. पंधरा झाले की डबल घंटी मारायला हवी होती.

आम्ही नेरुळला मुलाकडं आलो होतो. "आबा, गेटवे आणि राणीची बाग अजून किती वेळा बघणार?" म्हणत नातीनं मोबाइलवरून आम्हा दोघांचं बुकिंग केलं. माणशी सहाशे रुपये, तीन तास. हार्बरची लोकल थेट डॉकयार्ड रोडला सोडते, गाडी बदलायची भानगड नाही. रविवारी सकाळी साडेसातला जमायचं होतं, निघालो आठ वाजून पाच मिनिटांनी. एवढ्या उशिरावर आम्हाला लेखी खुलासा द्यावा लागायचा.

पहिला थांबा स्टेशनजवळच्या टेकडीवरची जोसेफ बाप्टिस्टा बाग. चढ आहे, गुडघे दुखत असतील तर सावकाश. इथं इंग्रजांचा किल्ला होता, १६९०मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीनं तो पाडला. आता पोटात पाण्याची टाकी आणि वर बाग. पलीकडं माझगाव डॉकच्या क्रेन आणि बंदर दिसतं. गाइडनं जहाजांवर वीस मिनिटं घालवली आणि बाग ज्यांच्या नावाची, त्यांना एका वाक्यात उतरवून दिलं. मला राहवलं नाही. म्हटलं, बाळा, काका बाप्टिस्टा म्हणजे टिळकांचे बॅरिस्टर मित्र, १९१६च्या होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष. पोरगा जरा गोरामोरा झाला, पण वही काढून लिहून घेतलं त्यानं. अर्धा तारा तिथंच वाढवला.

काका ज्या माथारपाखाडीतले, तिथं पुढं गेलो. चिंचोळ्या गल्ल्या, बाहेरून चढणारे लाकडी जिने, कौलं, क्रूस. वस्ती ईस्ट इंडियन लोकांची, म्हणजे मूळची इथलीच ख्रिस्ती माणसं. गाइड त्यांच्याबद्दल इंग्रजीत सांगत होता आणि ओट्यावरच्या आजीबाई आमच्या हिला मराठीत विचारत होत्या, कुठून आलात म्हणून. सोलापूर म्हटल्यावर गाडी चादरींवर गेली. त्यांच्या मराठीला वेगळाच हेल, पण हिला एक शब्द अडला नाही. मी इंग्रजी सोडून ओट्यापाशीच थांबलो. तेवढ्यात आमच्यातल्या दोघांनी शेजारच्या घराच्या खिडकीत मोबाइल घालून फोटो काढले, तशी आतून खिडकी लागली. घरं राहती आहेत, विचारल्याशिवाय फोटो नाही, हे स्टेशनवरच सांगायला हवं होतं.

खरे पैसे वसूल झाले ते नवाब टँक रोडवरच्या चिनी देवळात. मुंबईत चिनी देऊळ आहे हे मला साठी उलटल्यावर कळलं! बाहेरून साधी इमारत, लाल दार नसतं तर पुढं निघून गेलो असतो. १९१९च्या सुमाराचं. इथल्या गोदीच्या आसऱ्यानं राहिलेल्या चिनी खलाशांनी बांधलेलं. खाली क्वान यिन देवी, वर लाकडी जिन्यानं गेलं की क्वान ताई कोन हा युद्धदेव. नळकांड्यात बांबूच्या आकडे घातलेल्या काड्या असतात. ते हलवायचं, जी काडी बाहेर पडेल तिच्या आकड्याची चिठ्ठी वाचायची. आम्हा दोघांना उदबत्तीच्या धुरात तिथं तासभर बसायचं होतं, मिळाली बारा मिनिटं. १९६२च्या युद्धानंतर चिनी वंशाच्या माणसांना धरून राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवलं होतं, हे गाइडनं जिना उतरता उतरता सांगितलं. असली गोष्ट जिन्यात सांगतात का? बागेतल्या क्रेनची दहा मिनिटं इकडं दिली असती तर चाललं असतं.

आणखी एक. तीन तासांत स्वच्छतागृहाचा थांबा एकही नाही. आम्हीही लांबच्या गाडीला दर दोन तासांनी थांबा द्यायचो, हो.

तरी जा. पोरगा मेहनती आहे, आणि देवळापर्यंत एकट्यानं मी कधी पोचलो नसतो. बूट घाला, पाण्याची बाटली घ्या.

सफर संपल्यावर आम्ही दोघं टॅक्सीनं भाऊच्या धक्क्यावर गेलो, ते सफरीत नव्हतं. मासळीचा वास, ओल्या टोपल्या, आणि रेवसला जाणारी लाँच भरत होती. तिकीटवाला माणसं मोजत होता. मीही मोजली. त्याचा आकडा आणि माझा जुळला.