पालेभाजीचा खाऊ: वडी, धिरडं की कुरकुरीत पानं?

भाजी नको म्हणणारं कुणी घरात असलं की तीच भाजी खाऊच्या रूपात पुढे करायची, ही युक्ती जुनीच. अडतं ते प्रकार निवडताना. मी तिन्ही करते आणि एकच गोष्ट बघते: ताटलीत पाला किती आणि पीठ किती. वाटीभर पिठात चमचाभर मेथी घातली तरी हिरवे ठिपके छान दिसतात, पण त्याने भाजी खाल्ल्यासारखं होत नाही.

या हिशेबात वाफवलेली वडी सगळ्यांच्या पुढे. दोन वाट्या चिरलेला पाला दाबून भरायचा आणि त्याला एक वाटी डाळीचं पीठ. एवढ्यात ती नीट धरते. पाणी मात्र आधी घालायचं नाही. 100 ग्रॅम पालकात 90 ग्रॅमच्या वर पाणीच असतं आणि मीठ लागलं की ते सुटायला लागतं. पहिल्यांदा मी सवयीने पाणी घालून पीठ भिजवलं. दहा मिनिटांत ते सैल झालं, मग आणखी पीठ, मग अळणी लागेल म्हणून आणखी मीठ. शेवटी त्या वडीत पाला शोधावा लागला. आता निथळलेला पाला चिरून त्याला मीठ-तिखट लावते, पाच-सात मिनिटं तसाच ठेवते आणि मावेल तेवढंच पीठ घालते. उंडा 15 ते 20 मिनिटं वाफवायचा. सुरी खुपसून कोरडी बाहेर आली की झाला. गार होईपर्यंत कापू नका, नाहीतर भुगा हातात येतो.

वडीला वेळ लागतो हे खरं, पण उंडे फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस राहतात. लागतील तेवढ्या वड्या कापून थोड्या तेलावर परतायच्या. ते तेल वाया जात नाही: पाल्यातलं बीटा कॅरोटीन आणि के जीवनसत्त्व अंगी लागायला स्निग्ध पदार्थ लागतोच. तळणीत सोडल्या तर चव वाढते, तेलही वाढतं. ते पाहुणे आले की.

धिरड्याचा गुण म्हणजे वेग. पीठ कालवण्यापासून ताटलीत येईपर्यंत पंधरा मिनिटं. पण पाला पिठाच्या बरोबरीने घातला की उलटताना फाटतं, म्हणून हात आपोआप आखडता घेतला जातो. पाला वाटून घातला तर जास्त मावतो, रंगही एकसारखा येतो, आणि भाजीची काडी दिसताच ताटली सरकवणाऱ्यांना हे बरं पडतं. डब्यात मात्र ते चिवट होतं.

ओव्हनमधली कुरकुरीत पानं दिसायला झकास. पानं अगदी कोरडी पुसायची, तेलाचा हात लावायचा, एकावर एक न ठेवता 140 ते 150 अंशांवर 10 ते 15 मिनिटं भाजायची; मीठ शेवटी. केल (कोबीच्या कुळातली पालेभाजी) घेतली तर तिची जाड पानं यात छान होतात, पालकाची पातळ पानं लक्ष चुकलं की करपतात. पाणी उडून गेल्यावर मोठ्या जुडीची मूठभर पानं उरतात आणि दमट हवेत ती तासाभरात मऊ पडतात. केली की लगेच खायची.

पाला कोणता, हेही बघायला हवं. पालकात ऑक्झॅलेट, म्हणजे कॅल्शियमला बांधून ठेवणारं द्रव्य, भरपूर असल्यामुळे त्यातलं कॅल्शियम शरीराला फारसं मिळत नाही. केलमधलं बरंच चांगलं शोषलं जातं. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी पालक रोज खाऊ नये. खायचाच तर उकळून पाणी ओतून द्यावं, कारण नुसत्या वाफेने ऑक्झॅलेट तितकं निघत नाही. वॉरफेरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पालेभाजी अचानक वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

लोहासाठी खात असाल तर वर लिंबू पिळा आणि चहा तासभर पुढे ढकला.

घरात एकच प्रकार करून बघायचा असेल तर सुट्टीच्या दिवशी मेथीचे दोन उंडे वाफवून ठेवा. मेथीचा कडूपणा डाळीच्या पिठात बराच निवतो. धिरडं आयत्या वेळेसाठी. पानं भाजायची तर ओव्हन दुसऱ्या कशासाठी तरी तापलेला असताना. मूठभर खाऊसाठी तो मुद्दाम लावायला माझा तरी जीव होत नाही.